गावाच्या डिजिटल व्यवहाराचा ताळेबंद कसा मांडावा

२०२५-२६च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला आधी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करावी लागली. त्या नोंदणीसाठी जमिनीचे कागद आणि कपाशीच्या पेऱ्याची नोंद हवी. पेऱ्याची नोंद सातबारावर यायची, तर १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. त्यात १५ एप्रिल २०२५पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला, आणि तो काढण्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल जवळ असावा लागतो. पऱ्हाटीला बोंड फुटण्याआधीच शेतकऱ्याला मोबाईल, नेटवर्क, वीज आणि दुसऱ्या कोणाची तरी मदत अशा चार गोष्टींची जुळवाजुळव करावी लागते, आणि या जुळवाजुळवीचा खर्च लागवडीच्या कोणत्याही हिशेबात लिहिला जात नाही.

तो खर्च गावाने स्वतः लिहून काढावा, त्याच वहीत डिजिटल सोयींमुळे झालेला लाभही प्रामाणिकपणे मांडावा आणि पूर्ण ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून आपल्या अटी ठरवाव्यात, यासाठी ही मार्गदर्शिका आहे. खर्च या शब्दात येथे केवळ पैसा धरलेला नाही. बुडालेली मजुरी, अंगठा न लागल्यामुळे हुकलेले धान्य, अंगणवाडी सेविकेच्या दिवसातून गेलेले तास, विहिरीच्या काठावर पडलेली फुटकी बॅटरी आणि औष्णिक वीज केंद्राच्या तळ्यात साचणारी राख ही सारी एकाच व्यवहाराची अंगे आहेत. आपण ती वेगवेगळी पाहतो, म्हणूनच गावाला आपले नुकसान पूर्ण दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

यंत्राला गावात घेण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारण्याची रीत विदर्भाला नवी नाही. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४मध्ये स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तेथेच घाणी, चक्की, चूल यांचा विचार गावाच्या हातात काय उरते आणि काय निघून जाते या कसोटीवर केला. मगन संग्रहालय १९३८मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडले गेले, तेही गावाच्या अवजारांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहता यावे म्हणून. मोबाईल आणि ॲप यांनाही तीच कसोटी लावण्यास काहीच हरकत नाही.

अभ्यास गट बसवणे

पहिले काम माणसे जमवण्याचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यास गटाची पद्धत अनेक वर्षे चालवली. एखादा विषय आधी निवांतपणे समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावून त्याला प्रश्न विचारायचे, पण निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीनेच करायचा, अशी ती पद्धत आहे. या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, त्यामागे अभ्यासाची ही दीर्घ तयारी होती. आपल्या कामासाठीही निर्णय घेणारी समिती नको. समजून घेणारा गट हवा.

गटात सात ते दहा माणसे पुरेशी आहेत, मात्र त्यांची निवड विचारपूर्वक करावी. रोज मजुरीला जाणाऱ्या किमान दोन स्त्रिया, एक भूमिहीन, एक वयस्क व्यक्ती, आशा किंवा अंगणवाडी सेविका, गावातला मोबाईल दुरुस्त करणारा किंवा वायरमनचे काम जाणणारा तरुण आणि दहावी-बारावीत शिकणारी दोन मुले असावीत. सेतू केंद्र किंवा ग्राहक सेवा केंद्र चालवणाऱ्यालाही जरूर बोलवावे. त्याच्यावर आरोप करण्यासाठी हे काम नाही. उलट कोणती साइट कधी बंद असते, कोणता अर्ज कोणत्या कारणाने परत येतो, हे त्याच्याइतके गावात कोणालाच ठाऊक नसते. ज्यांच्या हातात फोन सहज चालतो अशीच सगळी माणसे गटात घेतली, तर ज्यांना त्रास होतो त्यांची नोंद राहून जाईल. ही चूक सर्वांत जास्त वेळा होते, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

वेळ कोणती निवडावी, तर सोयाबीन निघून गेल्यावरची आणि कापसाच्या मुख्य वेचणीच्या आधीची, किंवा तूर घरी आल्यानंतरची. वेचणीच्या दिवसांत कोणाच्या दारात वही घेऊन बसू नये.

हेलपाट्यांची वही

ताळेबंदाचा गाभा म्हणजे ही वही, आणि बहुतेक वेळ तिलाच द्यावा. एक दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक घराला एक पान द्यावे. पानावर नाव न लिहिता केवळ अनुक्रमांक टाकावा. नाव आणि अनुक्रमांक जोडणारी यादी वेगळी ठेवावी आणि ती गटातील एकाच विश्वासू व्यक्तीकडे असावी. आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी यांपैकी काहीही विचारू नये आणि कोणी आपण होऊन सांगू लागल्यास थांबवावे. दुसऱ्याने आपली माहिती कशी वापरली असा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण ती जपून हाताळली पाहिजे.

प्रत्येक घरी एकच मुख्य प्रश्न विचारावा: गेल्या बारा महिन्यांत मोबाईल, अंगठा किंवा ऑनलाइन अर्ज याशिवाय होऊ शकले नाही असे कोणते काम तुम्हाला पडले? पहिल्यांदा उत्तर ‘काही नाही’ असेच येते. मग एकेक गोष्ट आठवून द्यावी: रेशन, पीक विमा, पीक कर्ज, कापूस विक्री, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, गॅसची ई-केवायसी, घरकुलाचा हप्ता, रोजगार हमीची हजेरी, मुलांचा शाळाप्रवेश, लाडकी बहीण. प्रत्येक कामापुढे पाच रकाने भरावेत. किती वेळा जावे लागले, कुठपर्यंत जावे लागले, किती दिवसांची मजुरी बुडाली, प्रवासाचे आणि केंद्राचे मिळून किती पैसे गेले, आणि शेवटी काम झाले की नाही. सहावा रकाना लाभाचा. पूर्वी याच कामासाठी तालुक्याला जावे लागत होते आणि आता घरी बसून झाले, असे असल्यास तेही तितक्याच काळजीने लिहावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, किराणा दुकानात मोबाईलने दिलेले पैसे, पुण्यात कामाला गेलेल्या मुलाने त्याच क्षणी पाठवलेली रक्कम, हे लाभ खरे आहेत. ते लपवणारी वही ग्रामसभेत कोणी खरी मानणार नाही.

या रकान्यांतून काय दिसते, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एका शेतकऱ्याला कापसाच्या नोंदणीसाठी तीनदा तालुक्याला जावे लागले, दर खेपेला ६० रुपये भाडे गेले, केंद्रावर १०० रुपये दिले आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. २०२५-२६मधील रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता, तोच धरला तर मजुरीचे ६२४, भाड्याचे १८० आणि केंद्राचे १०० मिळून ९०४ रुपये होतात. आता असेही समजा की खेडा खरेदीचा, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, भाव हमीभावापेक्षा क्विंटलला ५०० रुपयांनी कमी आहे. ज्याच्याकडे तीस क्विंटल कापूस आहे, त्याला हमीभावाने विकून १५,००० रुपये अधिक मिळतात आणि त्यातून ९०४ वजा होतात. ज्याच्याकडे तीनच क्विंटल आहे, त्याला १,५०० अधिक मिळतात आणि त्यातूनही तेवढेच ९०४ जातात. ज्याच्याकडे पावणेदोन क्विंटलपेक्षाही कमी आहे, त्याने घराच्या दारात आलेल्या व्यापाऱ्याला कापूस देऊन टाकणेच हिशेबाला धरून आहे, आणि पुष्कळ जण तसेच करतात. डिजिटल अटीचा खर्च एकरी नसतो, तो माणशी असतो. त्यामुळे जमीन जितकी कमी तितका तो जड पडतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण ताळेबंदातून गावाला समजणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती आपल्याच गावाच्या आकड्यांतून दिसली पाहिजे. म्हणून प्रत्येक पानावर कोरडवाहू किंवा ओलिताची जमीन किती, की भूमिहीन, एवढी नोंद अवश्य ठेवावी.

अंगठ्याचा प्रश्न वेगळा विचारावा. ज्यांचे हात वर्षभर मातीत, निंदणात आणि वेचणीत असतात त्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटांच्या टोकांना चिराही पडतात. वयस्क माणसांच्या बाबतीत हे आणखी घडते. म्हणून रेशन दुकानातील यंत्रावर किंवा बँक मित्राकडे अंगठा किती वेळा लागला नाही, त्या दिवशी पुढे काय झाले, घरातील दुसऱ्या व्यक्तीला कामावरून बोलवावे लागले का, हे विचारावे. याच ठिकाणी आणखी एक गोष्ट तपासावी. बँक मित्राकडे अंगठा दिल्यावर किती रक्कम निघाली याची पावती मिळाली का? पावती न घेता अंगठा देण्याची सवय गावात असेल, तर ती मोडणे हे गटाचे पहिले काम ठरावे.

स्त्रियांशी बोलण्यासाठी गटातील स्त्रियांनीच जावे आणि पुरुष घरी नसताना जावे. घरात फोन किती आहेत, यापेक्षा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत सप्टेंबर २०२५पासून पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली आणि ज्यांचे पती व वडील दोघेही हयात नाहीत, अशा बहिणींसाठी वेगळी तरतूद नंतर करावी लागली. ज्या विदर्भात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने शेत आणि लेकरे सांभाळणाऱ्या स्त्रिया गावोगाव आहेत, तेथे ही अट कोणावर येऊन पडते, हे अर्ज आखणाऱ्याला आधी सुचायला हवे होते. अशा स्त्रियांची पाने वहीत सर्वांत आधी भरावीत.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे, किंवा भामरागड-एटापल्लीकडे हे काम करणाऱ्यांनी एक रकाना वाढवावा: रेंज मिळण्यासाठी किती चालावे लागते. टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली जाऊन फोन लावण्याची जागा प्रत्येक टोल्याला (पाड्याला) माहीत असते. ती गावाच्या हाताने काढलेल्या नकाशावर दाखवावी.

ज्यांच्याकडून यंत्र काम करून घेते

दुसरी, छोटी वही गावात सरकारी ॲप चालवणाऱ्यांची ठेवावी. अंगणवाडी सेविका, आशा, रोजगार सेवक, कोतवाल आणि शिक्षक यांना एका साध्या दिवसाचा हिशेब विचारावा: किती तास प्रत्यक्ष कामाचे आणि किती नोंदणीचे? ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल मोठ्या संख्येने परत केले होते. फोन वारंवार बिघडतात, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यानंतर २०२५मध्ये घरी न्यावयाचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपने ओळखण्याची अट आली. आहाराचे पाकीट देण्यास एक मिनिट लागते. चेहरा जुळेपर्यंत किती लागतात, ते सेविकेच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

रोजगार हमीच्या कामावरील हजेरीचा अनुभव जरा तपशिलाने लिहावा. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३पासून दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह, मजुरांचे छायाचित्र ॲपवर टाकणे सक्तीचे झाले. उद्देश बोगस हजेरी थांबवण्याचा होता. जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून राज्यांना कळवावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्राचे छायाचित्र टाकण्याचे प्रकार होत आहेत, म्हणून ती माणसांनी तपासावीत. म्हणजे ज्याला खोटे करायचे होते त्याने वाट काढली, आणि खरोखर खोदकाम केलेल्या मजुराची हजेरी नेटवर्कवर अवलंबून राहिली. आपल्या गावात दुपारचे छायाचित्र चढले नाही म्हणून कोणाची मजुरी कापली गेली का, हे नेमके तारखेसह लिहावे. हजेरीपटाची हाताने लिहिलेली प्रत मेटकडे (कामावरच्या मुकादमाकडे) किंवा मजुरांपैकी कोणाकडे असेल, तर ती जपून ठेवावी.

विजेचा माग

पर्यावरणाच्या भागात आधी घरातली वीज मोजावी, म्हणजे पुढचे प्रमाण समजते. नेहमीच्या मोबाईलची बॅटरी एकदा पूर्ण भरायला साधारण २५ वॅट-तास लागतात. रोज एकदा भरली तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. दहा वॅटचा वायफाय राउटर मात्र रात्रंदिवस चालू राहिला, तर महिन्याला सात युनिटांच्या थोडा वर जातो. म्हणून ग्रामपंचायत, शाळा आणि सेवा केंद्र येथील राउटर, कॅमेऱ्यांची पेटी आणि संगणक यांच्या मागच्या पट्टीवरील वॅटचा आकडा उतरवून घ्यावा, तो चालू तासांनी गुणावा आणि हजाराने भागावा. शाळेतील मुलांकडून हा हिशेब करून घेतल्यास तो अचूक होतो आणि मुलांच्या कायमचा लक्षात राहतो.

फोनची स्वतःची वीज इतकी कमी असताना चिंता कशाची, असा प्रश्न येथे येईल. उत्तर असे की खरी वीज आपल्या मीटरवर येत नाही. ती फोन बनवताना, मोबाईलच्या मनोऱ्यांवर आणि डेटा सेंटरमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या केंद्रांत, खर्च होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. हे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास आहे आणि ते वेगाने वाढत आहे. भारतात डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा जमाव मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे.

आणि येथे विदर्भाचा संबंध सरळ लागतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा ही मोठी केंद्रेही विदर्भातच आहेत आणि कोळशाच्या खाणीही येथेच आहेत. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वीजवाहिनी आहे. तिची क्षमता १,५०० मेगावॅट आहे आणि ती येथील वीज मुंबईच्या बाजूला नेण्यासाठीच उभारली गेली. कोणत्या केंद्राची वीज कोणत्या यंत्रात गेली हे तारेत वेगळे काढता येत नाही, हे खरे आहे. पण एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, त्यातील सुमारे तिसरा हिस्सा राख म्हणून मागे राहतो, आणि ती राख मुंबईला जात नाही. इरई धरणाचे पाणी चंद्रपूर शहर आणि वीज केंद्र दोघांनाही लागते. हवेत तरंगणारे, वजन नसलेले असे जे काही ‘क्लाऊड’ या नावाने आपल्याला सांगितले जाते, त्याचे वजन कोळसा, राख आणि पाणी या रूपाने विदर्भातील गावांवर पडते, हे अभ्यास गटाने ग्रामसभेत नकाशा लावून दाखवावे. खाणीच्या किंवा राखेच्या तळ्याच्या जवळची गावे असतील, तर त्यांनी विहिरीच्या पाण्याचा आणि कपाशीच्या पानांवर बसणाऱ्या राखेचा अनुभव याच भागात लिहावा.

या हिशेबातून व्यवहारासाठी एकच गोष्ट निघते आणि ती सोपी आहे. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग तो बनवतानाच झालेला असतो, म्हणून चालू फोन जितकी अधिक वर्षे वापरता येईल तितका तो भार कमी. बॅटरी किंवा काच बदलून फोन चालत असेल तर तो बदलू नये. जुन्या फोनवर चालणार नाही असे ॲप एखादे सरकारी खाते सक्तीने लावत असेल, तर त्या सक्तीने गावातील किती चालू फोन निकामी ठरतील, तेही वहीत मोजावे.

कचऱ्याची फेरी

एका सकाळी गटाने पोते आणि वही घेऊन गावाची फेरी करावी. मोबाईलपेक्षा इतर वस्तूच अधिक सापडतील: फवारणीच्या बॅटरी पंपाच्या बॅटऱ्या, रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनच्या बॅटऱ्या, सौर दिव्यांचे डबे, एलईडी बल्ब, चार्जर, इयरफोन, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. प्रत्येक वस्तू मोजावी आणि ती आता कुठे पडली आहे ते लिहावे. विहीर, हातपंप, नाला आणि अंगणवाडी यांच्याजवळ सापडलेल्या वस्तूंवर लाल खूण करावी.

जगात २०२२मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी पुष्कळसा भंगाराच्या वाटेने जातो. तांबे काढण्यासाठी वायर जाळल्या जातात, तेव्हा प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. आम्लाच्या बॅटरीतील शिसे मातीत आणि पाण्यात उतरले, तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. म्हणून बॅटरी फोडू नये, वायर जाळू नये आणि हे काम मुलांकडून कधीही करून घेऊ नये.

लिथियमच्या बॅटरीबाबत विदर्भातील घरांना विशेष सावध राहावे लागते, कारण भाव वाढण्याची वाट पाहत कापूस कित्येक महिने घरातच साठवलेला असतो. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी पेट घेऊ शकते. कापसाच्या गंजीवर किंवा तिच्या शेजारी फोन, पंप, टॉर्च चार्जिंगला लावू नये. जमा केलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या रेतीच्या पत्र्याच्या डब्यात, कापूस आणि कडब्यापासून दूर ठेवाव्यात. शिशाच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि उभ्या ठेवाव्यात.

गोळा केलेला कचरा द्यायचा कोणाला? १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार आणि २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वस्तूच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक कार्यालये नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर येथे आहेत. तेथे ग्रामपंचायतीने पत्र लिहून आपल्या भागातील अधिकृत संकलकांची यादी मागावी. एका गावाचा कचरा थोडा असतो, त्यामुळे आठवडी बाजाराच्या गावी आजूबाजूच्या पाच-सहा गावांनी एकत्र दिवस ठरवावा, वजन करावे आणि लेखी पावती घ्यावी.

खरेदीपूर्वी आणि ग्रामसभेत

ग्रामपंचायत जेव्हा कॅमेरे, सौर पथदिवे, पाण्याचे एटीएम किंवा संगणक घेते, तेव्हा चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय खरेदी करू नये: दुरुस्ती करणारा माणूस किती किलोमीटरवर आहे, बॅटरी कितीला आणि किती वर्षांनी बदलावी लागेल, गोळा होणारी माहिती कोणाकडे राहील, आणि वस्तू निकामी झाल्यावर ती परत कोण नेईल. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून नावारूपाला आले आणि २०१९च्या निवडणुकीत त्याच गावात काय चालू आहे नि काय बंद आहे यावरून जाहीर वाद झाला. नागपूर जिल्ह्यातील सातनवरी येथे २०२५मध्ये ‘स्मार्ट इंटेलिजेंट’ गावाचा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पाचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशी होऊ शकत नाही. ते तीन वर्षांनी, पहिली बॅटरी संपल्यावर करावे आणि त्यासाठी सुरुवातीच्या स्थितीची नोंद आजच करून ठेवावी.

ताळेबंद तयार झाला की तो आधी महिला सभेत वाचावा आणि नंतर ग्रामसभेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. दवंडी आणि मोबाईलवरचा निरोप दोन्ही द्यावेत. पेसा (आदिवासी भागातील ग्रामसभांचा कायदा) क्षेत्रातील टोल्यांनी आपापली स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी. ठरावाची भाषा तक्रारीची न ठेवता मागणीची ठेवावी आणि प्रत्येक मागणीमागे वहीतील आकडा द्यावा. नमुन्यासाठी असे लिहिता येईल:

‘आमच्या गावातील अमुक कुटुंबांना मागील बारा महिन्यांत अंगठा न जुळल्यामुळे धान्य वेळेवर मिळाले नाही. आधार नसल्यामुळे किंवा बोटांचे ठसे न जुळल्यामुळे कोणालाही धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारच्या अन्न विभागाचे २४ ऑक्टोबर २०१७चे निर्देश आहेत. म्हणून रेशन दुकानात नोंदवही ठेवून अशा व्यक्तींना सही किंवा अन्य ओळखपत्रावर त्याच दिवशी धान्य द्यावे, आणि ती नोंदवही दर महिन्याला दक्षता समितीने पाहावी, असे ही ग्रामसभा ठरवते.’

याच धर्तीवर पीक पाहणीसाठी ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना गावातच सहाय्यक मिळावा, रोजगार हमीची हस्तलिखित हजेरी ग्राह्य धरावी, आणि सेवा केंद्रावर शुल्काचा फलक लावून प्रत्येक सेवेची पावती द्यावी, असे ठराव करता येतात. दाखल्यांच्या विलंबासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे आणि ती पाळली न गेल्यास अपील करता येते. मात्र त्यासाठी अर्जाची पोच हाती असावी लागते. ‘साइट बंद आहे’ असे तोंडी सांगून कोणाला परत पाठवले गेल्यास तारीख, वेळ आणि कारण कागदावर मागावे.

ठरावाची प्रत तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि संबंधित खात्याला देऊन पोच घ्यावी आणि पोचेची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. महिनाभरात उत्तर आले नाही, तर दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात ठरावावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. त्याचे उत्तर देण्यास ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले की ते वहीत, ज्या घराच्या नोंदीवरून मागणी उभी राहिली त्या पानावर चिकटवावे, आणि गटातील कोणीतरी त्या घरी जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवावे.